काकूची लाल रेघ

२१ ऑगस्ट

नितेश म्हणाला, “ऑफिसचं सगळं तू मला रात्री सांगतेस, मला झोप लागते, मग तू चिडतेस. त्यापेक्षा लिहून ठेव ना.” म्हणून ही डायरी. नवरा ऐकत नाही तर डायरी ऐकेल. ती घोरणार तरी नाही.

तर आधी काकू. काकू म्हणजे आमच्या ऑफिसचं पुराचं कॉम्प्युटर मॉडेल. मुलुंडच्या डोंगरातून उतरून खाडीला मिळणारी एक सोनखिंड नदी आहे. नकाशात नदी, लोकांच्या तोंडी नाला. तिच्यावर काकू चोवीस तास डोळा ठेवून असते. डोंगरावर पाऊस किती पडला आणि रवळनाथ वाडीच्या साकवाखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली, पाणी किती चढलं, हे सेन्सर तिला कळवतात. मग दर पंधरा मिनिटांनी ती सांगते की पुढच्या सहा तासांत पाणी कुठे कुठे घुसणार. तिचं नाव काकू पडलं, कारण ती गप्प म्हणून बसत नाही. सारखं आपलं सावध राहा, गाड्या हलवा, नारिंगी इशारा, लाल इशारा. पण परवाच्या धुवांधार पावसात पाणी नेमकं ती म्हणाली तिथेच चढलं. महापालिकेच्या पूर खात्यातल्या मॅडमनी स्वतः फोन करून कौतुक केलं.

आणि आज मी उडी मारली. खात्याला या नदीचा आराखडा हवाय. नदी कुठे रुंद करायची, साठवण तलाव कुठे खोदायचा, कोणती घरं हलवायची. दुसऱ्या कंपनीचे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, दीड वर्ष लागेल, आधी नदीचं मॉडेल उभं करावं लागतं. मी म्हटलं, “मॉडेल उभंच आहे की! रोज राबतंय. तिलाच गेल्या चाळीस वर्षांचे पाऊस खायला घालू, नदी रुंद केली तर काय, तलाव खोदला तर काय, सगळं तिलाच विचारू. दिवाळीपर्यंत देते.”

टेबलाखालून सुबोध सरांनी माझा पाय दाबला. सर आमच्या कंपनीचे मालक. पण मॅडमचा चेहरा असा काही खुलला की सरांनी पाय काढून घेतला आणि म्हणाले, “प्रांजल म्हणतेय म्हणजे होईल.”

आता होईलच. न होऊन सांगते कुणाला!

२ सप्टेंबर

गौरी-गणपती विसर्जन. मी, नितेश आणि आमची लेक श्रुती सकाळीच घाटकोपरहून शकुआत्याकडे गेलो. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई आजारी असताना मी दोन वर्षं तिच्याकडेच होते, त्यामुळे माझ्यावर तिचा हक्क जरा जास्तच. रवळनाथ वाडीत नदीला लागून जी खालची ओळ आहे, तिथे शेवटचं घर तिचं. आख्खी वाडी आमच्याच गावाकडची, गिरणीत कामाला आलेली आणि मग इथे डोंगराच्या पायथ्याशी घरं बांधून राहिलेली. अर्ध्या मुंबईला आत्याच्या घावण्यांची चव माहीत आहे, असं तिचं म्हणणं. मुलुंडला तरी आहे.

वाडीचं विसर्जन म्हणजे झकास प्रकार. गणपतीच्या आदल्या दिवशी साकवाखालच्या खांबांत फळ्या टाकून नदी अडवतात. गावाकडे व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, घालतात तश्शा. एरवी घोट्याएवढं पाणी असतं, ते कमरेपर्यंत चढतं आणि स्वच्छ दिसतं. धोंडिरामभाऊ वाडीचे सेक्रेटरी, फळ्या त्यांच्या ताब्यात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. “गणपती काय घोट्याभर पाण्यात बुडवायचो?” हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य.

नितेशने मूर्ती नेली, पाय घसरला, सगळे ओरडले, पण बाप्पा वाचले. श्रुती छातीपर्यंत पाण्यात उभी राहून फोटो काढून घेत होती. तेवढ्यात माझ्या फोनवर काकू किंचाळली, साकवापाशी नारिंगी इशारा. मी म्हटलं, आज सुट्टी आहे बाई, गप्प बस. आवाज बंद केला. पुढ्यात आत्याच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ असताना कोण बघतंय इशारे.

१७ सप्टेंबर

कामाला जोर चढलाय. आज ज्या काकूवर आराखडा करायचा, तिची नक्कल काढली. मूळ काकू तिकडे पावसावर नजर ठेवून बसणार, आणि ही दुसरी माझ्या टेबलावर जुने पाऊस चघळणार.

काकूची एक खुबी इथे लिहून ठेवते. ती शिकते. तिच्या हिशोबाने साकवापाशी पाणी गुडघाभर यायला हवं आणि सेन्सर सांगतो कमरेभर आहे, तर ती मनाशी म्हणते, म्हणजे डोंगराकडून जास्त पाणी येतंय. आणि पुढच्या वेळेपासून डोंगराचा वाटा वाढवून धरते. इशारा द्यायला हे एकदम बेस्ट, कारण चूक झाली तरी ती लगेच सुधारते.

सरांनी विचारलं, “नक्कल जूनच्या काकूची घेणार की आजच्या?” मी म्हटलं, आजची. अख्ख्या पावसाळ्याचा अनुभव तिच्या गाठीला आहे, तो काय फेकून द्यायचा? सर म्हणाले, “बघ बाई, तुला जास्त कळतं.” कळतंच.

यंदा तिने डोंगराचा वाटा जवळजवळ दुप्पट केलाय. मी चाट पडले. मग लक्षात आलं, वरच्या अंगाला केवढी बांधकामं झालीत! झाडं गेली, सिमेंट आलं, पाणी मुरणार कुठे? यावर एक सुंदर स्लाइड केली, एका बाजूला हिरवा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला करडा. पुढे हायवेपाशी आमचा आणखी एक सेन्सर आहे, त्याच्याशी पडताळून बघणार होते, पण त्याची बॅटरी जुलैतच कुणीतरी पळवली. मुंबईत सेन्सरसुद्धा सुरक्षित नाही यार.

संध्याकाळी आत्याचा फोन. मी कामात, आणि ती आपली वाडीच्या बातम्या सांगतेय. नीलाला मुलगा झाला, पाण्याला वास येतोय, “धोंडिराम गावाक गेलो तो गेलोच, फळयो तश्योच आसत, डास झालेत,” आणि अमकं आणि ढमकं. मी हं हं करत होते. शेवटी म्हटलं, आत्या, मी तुमच्याच नदीचं काम करतेय गं, ठेव आता.

५ ऑक्टोबर

निकाल आला.

काकू म्हणते, मोठ्या पावसात वाडीच्या सगळ्या ओळी पाण्यात. वरची ओळसुद्धा. नकाशावर लाल रेघ आली ती थेट रवळनाथाच्या देवळाच्या मागून. रेघेच्या आतलं सगळं हलवायचं आणि तिथेच साठवण तलाव करायचा. खालच्या वस्त्यांना, हायवेला, स्टेशनच्या रस्त्याला त्याने आराम. गणित चोख आहे.

वाडी म्हणजे आत्या. तीनदा चालवून पाहिलं. तीनदा तेच. मग स्वतःला समजावलं की रेघ मी नाही काढली, पाण्याने काढली. उद्या खरंच पाणी आलं आणि मी आत्यासाठी रेघ वाकवलेली असली, तर?

नितेशने फक्त विचारलं, “खात्री आहे ना तुला?” मी इतकी भडकले की श्रुती खोलीतून बाहेर आली. म्हटलं, तुझ्या बँकेत मी येऊन विचारते का, खात्री आहे का? तो उठून भांडी घासायला लागला. त्याच्या भांडी घासण्यातसुद्धा टोमणा असतो.

१२ ऑक्टोबर

आज आत्याला सांगितलं. कागदाने कळण्याआधी माझ्या तोंडून कळलेलं बरं. रडेल, भांडेल, “आमका खय नेऊन टाकतलास?” म्हणेल, अशी सगळी तयारी करून गेले होते. लॅपटॉप उघडला, रंगीत नकाशा दाखवला, डोंगर दाखवला, वाटा दाखवला.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “ही रेघ तू काढलंस?”

“हो.”

“मगे बरोबर आसतली.” आणि उठून तवा ठेवला.

संपलं! मी एवढी घाबरत होते उगाच. नीट समजावून सांगितलं की माणसं समजतात, हे मी ऑफिसात नेहमी सांगते. बाकीच्यांना जमत नाही कारण ते इंग्रजीत स्लाइड करतात. आत्याने जेवताना एवढंच विचारलं की जिथे नेणार तिथे गॅसची लाइन आहे का, आणि वाडी एकत्र ठेवणार की इथेतिथे विखरणार. मी म्हटलं, विचारून सांगते.

२५ ऑक्टोबर

दिवाळीत चार दिवस काही लिहिलं नाही, चकल्या आणि आळस.

आज वाडीत खात्याची बैठक झाली. असल्या बैठकांत खुर्च्या फेकल्या जातात, असं मॅडम गाडीतच सांगत होत्या. त्यांनी सोबत दोन शिपाई आणले होते. आणि काय सांगू, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही! मी मराठीत बोलले, नकाशात घरं दाखवली, आणि लोक माना डोलवत होते. विचारायचे ते प्रश्न विचारले आणि बऱ्याच जणांनी तिथल्या तिथे होकार दिला. एक धोंडिरामभाऊ तेवढे तोंड पाडून बसले होते. नाकावर माशी बसू देत नाहीत, त्यात नवल नाही.

आत्या पहिल्या रांगेत. तिचा घसा बसलेला. मी म्हटलं, अगं काय झालं? तर म्हणे, “काय नाय, बोलान बोलान बसलो.” गुडघ्यालाही पट्टी. या वयात घरात बसावं ना, आठवडाभर सगळ्या वाडीच्या पायऱ्या चढत-उतरत होती म्हणे. दिवाळीचा फराळ वाटत असेल. मी औषध घेऊन दिलं.

मॅडम परतताना म्हणाल्या, “प्रांजल, अठरा वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नाही.” अंधेरीच्या एका हॉटेलात सगळ्या शहरांच्या इंजिनियरांची परिषद आहे, तिथे मी बोलायचं ठरलं. विषय, चालू मॉडेल वापरून आराखडा झटपट कसा करावा. सर इतके खूश, की स्वतःच्या खिशातून सगळ्यांना वडापाव. हे डायरीत यायलाच हवं.

४ नोव्हेंबर

वाट लागली.

नीट लिहायचा प्रयत्न करते. परिषदेसाठी एक आलेख करत होते, काकू सप्टेंबरभर कशी शिकत गेली, याचा. वर पाऊस, खाली साकवापाशी पाण्याची पातळी. पावसाच्या रेषा वरखाली नाचतायत आणि पाण्याची रेघ मात्र सपाट. पाऊस नाही त्या दिवशीही पाणी कमरेएवढंच. आठवडे न् आठवडे. आणि ऑक्टोबर लागल्यावर एका दिवसात धाडकन खाली.

मला वाटलं सेन्सर अडकला. म्हणून त्या दिवसांतले साकवाचे फोटो कुणाकडे आहेत का बघत होते. फोनमध्ये माझेच निघाले. श्रुती दात काढून पाण्यात उभी आहे आणि तिच्या मागे फळ्या.

फळ्या! मी स्वतः तिथे उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत नदी अडवलेली होती, मी त्यात पाय बुडवून मजा केली आणि डोक्यात एकदाही आलं नाही. आत्याने फोनवर सांगितलं होतं की फळ्या तशाच आहेत; धोंडिरामभाऊ गावाहून परतले तेव्हा कुठे त्या निघाल्या असणार. सेन्सर फळ्यांच्या मागे, अडवलेल्या पाण्यात बसलेला. बिचाऱ्या काकूला काय माहीत गणपती आलेत? ती समजली की डोंगर पाणी देतोय. रोज देतोय. आणि मी त्या गैरसमजाला पावसाळ्याचा अनुभव म्हणून डोक्यावर घेतलं, वर त्याची हिरवी-करडी स्लाइड केली.

सगळी वाडी हो म्हणून बसलीय.

५ नोव्हेंबर

जूनची काकू घेतली, फळ्यांच्या आधीची. तिलाही शिकवायला हवं होतं, म्हणून फळ्या नसतानाचे या पावसाळ्याचे दिवस तेवढे दिले. पुन्हा सगळे जुने पाऊस चालवले. एका दिवसात झालं. चालू मॉडेल वापरण्यात चूक नव्हतीच. तिला कुठली सवय लागलीय हे न बघता वापरलं, ती चूक.

नवी रेघ देवळाच्या मागून उतरून खूप खाली आली. वरच्या तिन्ही ओळी सुटल्या. तलाव वाडीत नकोच, डोंगराच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत चालतो, आणि तिथे तो जास्त कामाचा आहे.

नदीकाठची खालची ओळ मात्र तशीच लाल. मी आकडे इकडे-तिकडे करून पाहिले. प्रामाणिकपणे सांगते, करून पाहिले, ती ओळ सुटावी म्हणून. नाही सुटत. मोठ्या भरतीत मोठा पाऊस आला तर त्या घरांत छातीएवढं पाणी, आणि ते तासाभरात चढतं. असा पाऊस डोंगरावर पडायला लागल्यावरच काकूला कळतो, म्हणजे तिचा इशारा येईपर्यंत म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडायला वेळच उरणार नाही.

खालच्या ओळीत शेवटचं घर आत्याचं.

७ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. सर खूप वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “चूक कुणाला कळलीय?” मी म्हटलं, मला, तुम्हाला आणि नितेशला. “मग नवा नकाशा पाठव, वर सुधारित आवृत्ती लिही. कमी घरं हलवायची म्हटल्यावर कोण विचारतंय का? सगळे पेढे वाटतील.”

सर वाईट माणूस नाहीत. पगार वेळेवर देतात, मुलगी आजारी असली तर स्वतः फोन करून घरी थांब म्हणतात. आणि खरं म्हणजे त्यांचं म्हणणं मला इतकं आवडलं की मी अर्धा दिवस तेच धरून बसले. सुधारित आवृत्ती! केवढा छान शब्द. अब्रू शाबूत, परिषद शाबूत.

नितेशला म्हटलं, तर तो म्हणाला, “वरच्या ओळीवाले पेढे वाटतील. खालच्या ओळीवाले विचारतील, सगळ्यांची सुटली, मग आमचीच कशी राहिली? काय सांगशील?” हल्ली हा फार मुद्देसूद बोलतो. चीड येते.

पण बरोबर आहे. पहिली रेघ का चुकली हे कळल्याशिवाय दुसरीवर कुणी का विश्वास ठेवावा? मॅडमना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, “रविवारी वाडीत येऊन तुम्हीच सांगा. मी बाजूला उभी राहीन, पण बोलणार नाही.”

९ नोव्हेंबर

सांगितलं. देवळासमोर उभी राहून, स्लाइडबिइड काही नाही. म्हटलं, गणपतीत फळ्या टाकून पाणी अडवलं होतं, ते मी धरलं नाही, मशीनला वाटलं डोंगरातून पूर येतोय, आणि म्हणून तुमची सगळ्यांची घरं लाल झाली. चूक माझी. मी स्वतः इथे होते.

धोंडिरामभाऊ उठले. “म्हणजे आमच्या बाप्पाने तुमची मशीन बुडवली?” आणि वाडी जी हसायला लागली! मीही हसले, रडू येत होतं तरी. वरच्या ओळीतल्या बायकांनी माझ्या गालावरून हात फिरवला. इतकं स्वस्तात सुटले असं वाटलं.

मग मी खालच्या ओळीचं बोलले आणि हसणं थांबलं. विकी म्हणून आत्याच्या शेजारचा रिक्षावाला आहे, तो ताडकन उठला. “काल सगळे बुडणार होते. आज आम्हीच बुडणार. उद्या कोण?” आणि मग कुणीतरी आत्याकडे बोट केलं. “हीच घरोघर फिरत होती, आमचं चेडू प्रांजल म्हणता म्हणजे खरां, सह्या करा म्हणून. आठ दिवस डोकं खाल्लंन आमचं! आता बोल गो शकु!”

तेव्हा मला कळलं. तो घसा. तो गुडघा. फराळ वाटत नव्हती ती. माझ्या मराठी स्लाइडनी कुणी ऐकलं नव्हतं, वाडी तिच्या शब्दावर हो म्हणाली होती. तिला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं, फक्त ही रेघ मी काढलीय एवढं तिला पुरलं होतं.

आत्याने पदर खोचला आणि ती घरी गेली. मी मागे गेले तर दाराला आतून कडी.

लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

१५ नोव्हेंबर

आत्या फोन उचलत नाही. परिषदेला मी फळ्यांची गोष्ट जशी आहे तशी सांगितली, आणि गंमत म्हणजे भाषण संपल्यावर लोक तिचंच विचारत होते. एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्याकडे छटपूजेला असंच पाणी अडवतात, तेही जाऊन बघणार आहेत. सरांनी लांबून अंगठा दाखवला. पण माझं चित्त कुठे होतं?

खालच्या ओळीतल्या बाकीच्यांना मॅडमनी वरच्याच अंगाला, देवळाच्या मागे जागा दाखवली. तलाव वाडीत नाही, त्यामुळे जागा निघाली. सगळे म्हणतात, शकुने आधी ठरवू दे. मागच्या वेळी तिचं ऐकून फसलो म्हणणारेसुद्धा तिच्याकडेच बघतायत. आणि ती निरोप पाठवते, मी हय जन्मभर र्‍हवलंय, हयच मरतलंय.

तो “मरतलंय” शब्द डोक्यातून जात नाही. पुढचा पावसाळा लांब नाही.

२३ नोव्हेंबर

आज गेलेच. एकटी. लॅपटॉप नेला नाही.

दार उघडं होतं. आत्या तांदूळ निवडत बसलेली. “इलंस,” म्हणाली, बस म्हणाली नाही. मी बसले. माफी मागितली. वाडीत तुला माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं, म्हटलं. ती तांदूळच निवडत होती.

“त्याचा काय नाय गो,” ती शेवटी म्हणाली. “लोक बोलतत, इसरतत. पण आता माका कळना नाय, तुझा कधी खरा धरूचा. त्या दिवशीय तू अशीच बसलं हुतंस, अशीच बोललं हुतंस.”

भरती, पाऊस, साकव, मी सगळं पुन्हा सांगायला लागले. तिने हात वर केला.

“ह्या माका नको सांगू. माका कळना नाय. एक काम कर. जुलैत मोठो पाऊस लागलो, भरती असली, की दोन दिवस हय र्‍हवाक ये. माझ्या बाजूक झोप. पाणी इला नाय तर ती रेघ पूस. इला तर मी जातंय.”

“येते,” मी म्हटलं. लगेच म्हटलं. म्हातारीला एकटी ठेवून मला तरी झोप लागली असती का!

“श्रुतीक घेऊन ये. तिका पावसात हय र्‍हवाक आवडता.”

मी हो म्हणायला तोंड उघडलं. डोळ्यांसमोर ती खोली, ती खिडकी, मोरीतून आधी येणारं पाणी, आणि पलंगावर उभी असलेली आठ वर्षांची पोर. आत्याचे हात ताटात थांबले होते. ती माझ्याकडेच बघत होती.

“नाही आत्या,” मी म्हटलं. “मी येईन. श्रुतीला नाही आणणार.”

“एका रातीसाठी?”

“एका रात्रीसाठीही नाही.” आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, लहानपणी रडायचे तसं. “पाणी येणार आहे गं इथे. तिला नाही आणणार मी.”

तिने ताट बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि मला स्टूल आणायला सांगितलं. माळ्यावरची मोठी ट्रंक काढायची होती. मी स्टूल धरलं, ती चढायला लागली, मी म्हटलं तू नको, मी चढते. ट्रंक खाली आली. तिने झाकण उघडलं, आतली धूळ पदराने पुसली, आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरी एकेक करून माझ्या हातात द्यायला लागली.

“मशीन, मशीन, मशीन,” ती म्हणाली. “ह्या श्रुतीचा आधी सांगूक काय झाला हुता तुका?”